खपवून घेणें आणि सामावून घेणें

मनुष्यसमाजांत जे संख्येनें थोडे असतात त्यांनीं जे पुष्कळ असतात त्यांच्याशीं कोणत्या नात्यानें राहावें, हा प्रश्न फार जुना असला तरी प्रत्येक पिढीस तो नवा वाटतो. आमच्यापुढें तो गेल्या श्रावणांत एका अनपेक्षित वाटेनें आला. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. मूळचा रोह्याकडचा, हल्लीं मुंबईस नोकरीस असलेला. तो भेटीस आला. कांहीं वेळ इकडचेंतिकडचें बोलणें झाल्यावर आपण एका पुरुषासह संसार करून राहतों, ही गोष्ट त्यानें आम्हांस शांतपणें सांगितली. "घरीं ठाऊक आहे काय?" असें आम्हीं विचारिलें. तो म्हणाला, "आहे, सर. वडील म्हणाले, आमची हरकत नाहीं, गणपतींत त्यालाहि घेऊन ये. मात्र गांवांत मित्र म्हणून सांग, आणि लग्नाचें कोणीं विचारलें तर हसून वेळ मारून ने." मग जरा थांबून त्यानें विचारिलें, "सर, तुम्ही इतिहास शिकवितां. एवढ्यावर समाधान मानावें, कीं पुढें कांहीं मागावें? आमच्यांतले कांहीं म्हणतात, लोकांनीं त्रास दिला नाहीं म्हणजे पुरे. दुसरे म्हणतात, चारचौघांसारखें लग्न हवें, घर हवें, मुलेंबाळें हवींत. मग आपला निराळेपणाच कोणास दिसणार नाहीं. यांतला खरा मार्ग कोणता?"

त्या संध्याकाळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. इतिहासाच्या शिक्षकास मुदत मागण्याची संवय असते. ती आम्हीं मागून घेतली. आज हा लेख लिहीत आहों तो ती मुदत संपली म्हणून.

त्यानें सांगितलेले दोन मार्ग पंडितांच्या भाषेंत सहिष्णुता व एकरूपता या नांवांनीं ओळखले जातात. आपल्या घरगुती भाषेंत पहिल्यास खपवून घेणें म्हणतात व दुसऱ्यास सामावून घेणें. हे शब्द बोलण्यांत इतके रुळलेले आहेत कीं, त्यांच्या व्याकरणाकडे आपलें लक्ष जात नाहीं. खपवून कोण घेतो? सामावून कोण घेतो? दोन्ही क्रियापदांचा कर्ता एकच. तो म्हणजे जे पुष्कळ आहेत ते. जे थोडे आहेत ते दोन्ही ठिकाणीं कर्माच्या जागीं बसलेले. ही गोष्ट मनांत ठेवून आम्ही इतिहासाकडे वळलों, तेव्हां फार दूर जाण्याचें कारण पडलें नाहीं. त्या विद्यार्थ्याच्या गांवींच निम्में उत्तर पडलेलें होतें.

रोह्याच्या व पेणच्या बाजूस, आणि एकंदर आजच्या रायगड म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यानें, बेने इस्राएल नांवाचे लोक कित्येक शतकें राहत आले. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, त्यांच्यापासून आमचा विस्तार झाला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ज्या गांवांत वस्ती केली त्या गांवांचीं नांवें त्यांनीं आडनांवें म्हणून घेतलीं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, चेऊलकर हीं आडनांवें त्यांच्यांत आढळतात. कुंडलिकेच्या कांठीं रोह्याच्या जोडीनें उच्चारली जाणारी अष्टमी ज्यास ठाऊक आहे त्यास अष्टमकर कोठले हें सांगावयास नको.

हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत. गांवास यहुदी धर्म म्हणजे काय याची कल्पना नव्हती आणि ती करून घेण्याची निकडहि नव्हती. या तेल्यांचा घाणा शनिवारीं फिरत नाहीं एवढें गांवानें पाहिलें व त्यांस 'शनवार तेली' हें नांव देऊन टाकिलें. त्यांचे पुरुष सुंता करीत, ज्या माशास खवले व पर नाहींत तो मासा ते खात नसत, आणि त्यांच्या प्रार्थनेंत एक लहानसें हिब्रू वचन पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलें होतें. यांपैकीं कोणत्याहि गोष्टीबद्दल त्यांस कोणीं छळलें, हांकून दिलें किंवा धर्म बदलावयास लाविलें असें कोंकणच्या इतिहासांत दिसत नाहीं. इंग्लंडनें १२९० मध्यें व स्पेननें १४९२ मध्यें आपल्या यहुदी प्रजेस देशाबाहेर घालविलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या साध्या गोष्टीचें मोल कळतें. सहिष्णुतेचा याहून निर्मळ दाखला जगाच्या इतिहासांत थोडाच सांपडेल, आणि तो आपल्या भूमींतला आहे याचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें अभिमानाच्या मुक्कामावर गाडी सोडूं नये. गांवानें या लोकांस जागा दिली ही गोष्ट खरी. पण ती कोणती जागा? तेल्याची. गांवाची शिडी आधींच बांधलेली होती. तिच्या एका खालच्या पायरीवर आणखी एका जातीस बसूं दिलें, इतकेंच. त्यांचा निराळेपणा सोसवला, कारण तो जातीच्या सांच्यांत बसला. त्या सांच्यांत बसतांना त्यांनींहि शेजाऱ्यांच्या पुष्कळ गोष्टी उचलल्या. गोमांस वर्ज्य मानलें, विधवेच्या पुनर्विवाहास नाक मुरडलें, आणि सर्वांत विषादाची गोष्ट म्हणजे आपल्यांतहि 'गोरे' व 'काळे' असे दोन भेद करून बेटीव्यवहार बंद ठेविला. ज्यास दुसरे खपवून घेतात तो स्वतःच्या घरांतील दुबळ्यास खपवून घेण्यापलीकडे जात नाहीं, हा नियम येथें दिसतो. पुढें आपल्याला तो पुन्हां भेटणार आहे.

या चित्रास एक दुसरी, फार मनोहर बाजू आहे. कंपनी सरकारच्या फौजेंत नोकऱ्या लागल्यावर हे लोक घाण्यापासून दूर झाले, मुंबईस गेले, १७९६ मध्यें तेथें त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर उभें राहिलें, आणि १८६३ मध्यें पेणेसहि एक झालें. शिक्षण वाढलें, हिब्रू शास्त्रांची ओळख नव्यानें झाली. आतां हे लोक शेजाऱ्यांपासून तुटतील असें कोणास वाटलें असतें. झालें उलट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्यांत मराठी कीर्तनें होऊं लागलीं. आपल्या कीर्तनाचा सगळा थाट घेऊन त्यांनीं बायबलाच्या जुन्या करारांतील कथा मराठींत रंगविल्या. हें कोणीं त्यांस करावयास सांगितलें नव्हतें. गांवांत राहावयाचें तर कीर्तन करा, अशी अट कोणीं घातली नव्हती. हें अनुकरण खंडणी म्हणून दिलेलें नव्हतें. तें आवडीनें घेतलेलें होतें. वाचकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. आमच्या सर्व विवेचनाचा भार पुढें याच भेदावर पडणार आहे.

आतां सामावून घेण्याची बाजू पाहूं. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि पुढील दोनतीन दशकांत बेने इस्राएलांपैकीं बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. शतकानुशतकें परक्यांनीं खपवून घेतलेले हे लोक आतां स्वकीयांत मिसळणार होते. तेथें सर्वच यहुदी. निराळेपणाचा प्रश्नच उरूं नये. परंतु झालें तें विलक्षण. बेने इस्राएल वर किंवा वधू दुसऱ्या यहुदी घराण्यांत विवाह करूं लागली म्हणजे तिच्या कुळाची चौकशी व्हावी, आई, आजी, पणजी असें जितकें मागें जातां येईल तितकें जावें, असे आदेश तेथील मुख्य धर्मपीठानें १९६२ च्या सुमारास काढले. पिढ्यान् पिढ्या कोंकणांत एकाकी राहिलेल्या या लोकांनीं विवाहाचे व घटस्फोटाचे धर्मनियम यथाशास्त्र पाळले असतील काय, ही शंका. लोक खवळले, १९६४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं यरुशलेमांत ठाण मांडून निषेध केला. अखेर त्या वर्षीं ऑगस्टांत तेथील लोकसभेनें खास बैठक भरवून, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, असें जाहीर केलें आणि धर्मपीठास तो आदेश मागें घ्यावा लागला.

पेण-रोह्याच्या गांवकऱ्यांनीं, तुम्ही खरे कोण, असें ज्यांस कधीं विचारलें नाहीं, त्यांस, तुम्ही खरोखर आमच्यासारखेच आहां काय, असें आपल्यांनींच विचारलें. आणि तें विचारण्याचें स्थळहि लक्षांत घेण्यासारखें आहे: तें विवाहाच्या दाराशीं विचारलें गेलें. आम्ही हें त्या राष्ट्रास दूषण देण्यासाठीं सांगत नाहीं. सामावून घेण्याचा स्वभावच असा आहे. जो सामावून घेतो तो आधीं मापें घेतो. आणि मापें घेणारा हात एकदां पुढें आला म्हणजे तो कोठें थांबेल याचा नेम नसतो.

कोणी विचारील, कीं एका समलिंगी तरुणाच्या प्रश्नाशीं या शनवार तेल्यांचा काय संबंध? संबंध असा कीं, ज्यांची प्रीति व देहभाव बहुजनांहून वेगळा आहे त्यांच्या इतिहासांत हेच दोन अध्याय याच क्रमानें आले आहेत.

मराठ्यांच्या राज्यांत, आपण आज ज्यांस तृतीयपंथी म्हणतों त्या हिजड्यांस वतनें व सनदा होत्या. ठराविक मुलखांत धान्य व पैसा मागण्याचा त्यांचा परंपरागत हक्क सरकारदरबारीं मान्य होता. घाण्यावरील तेल्याप्रमाणें त्यांचीहि शिडीवर एक पायरी होती. ती मानाची नव्हती, पण ठरलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी अंमलानें इनामांची तपासणी आरंभिली, तेव्हां ज्या वतनांस सार्वजनिक सभ्यतेचा बाध येतो तीं पुढें चालविण्याचें कारण नाहीं, असें ठरवून तीं बुडविलीं. देणारा बदलला आणि देणेंहि गेलें! खपवून घेण्याच्या पायावर उभारलेल्या घराची मजबुती एवढीच. पुढें १८६० चें दंडविधान आलें व १८६२ च्या आरंभापासून तें अमलांत आलें. त्याच्या ३७७ व्या कलमानें 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेविली. कलम इंग्लंडच्या जुन्या कायद्याच्या वळणाचें. परंतु आपल्याकडील सुशिक्षितांनीं तें इतकें आपलें मानिलें कीं, पुढें तेंच आपल्या संस्कृतीचें रक्षण करणारें म्हणून मिरविलें जाऊं लागलें.

खुद्द इंग्लंडांत १९५७ मध्यें वुल्फेंडन यांच्या समितीनें, दोन प्रौढ पुरुषांनीं खाजगींत संमतीनें केलेल्या कृत्यांत कायद्यानें पडूं नये, अशी शिफारस केली व १९६७ मध्यें तसा कायदा झाला. त्या कायद्यासाठीं वरिष्ठ सभागृहांत झटणारे लॉर्ड ॲरन हे खरे उदार गृहस्थ. पण कायदा होत असतांना त्यांनीं ज्यांच्यासाठीं एवढे श्रम केले त्यांस एक उपदेश केला. त्याचा आशय असा, कीं आतां तुम्ही शांतपणें व मर्यादेनें राहून कृतज्ञता दाखवा. चारचौघांत मिरवाल तर तुमचे कैवार घेणारेच पस्तावतील. रोह्याच्या वडिलांचें म्हणणें आणि इंग्लंडच्या उमरावांचें म्हणणें यांत आम्हांस अक्षराचाहि फरक दिसत नाहीं. दोघेहि भले, दोघांच्याहि मनांत माया. आणि दोघांच्याहि दानास एकच अट: दिसूं नका.

अमेरिकेंत याच सुमारास दुसरा मार्ग धरणारे होते. १९५० मध्यें लॉस एंजलिस येथें निघालेल्या संस्थेपासून पुढें ही चळवळ हळूहळू वाढली. १९६५ च्या ४ जुलैस फिलाडेल्फिया येथें स्वातंत्र्यमंदिरासमोर या लोकांनीं निदर्शनें केलीं, तीं मोठ्या शिस्तीनें. पुरुषांनीं कोट व गळपट्टा, स्त्रियांनीं झगा, असा पोशाखाचा नियमच होता. आम्ही तुमच्यासारखेच सभ्य नागरिक आहों, नोकरीस लायक आहों, हें जगास दाखवावयाचें होतें. त्यांचें धैर्य लहान नव्हे, कारण त्या काळीं तेवढें दिसणेंहि नोकरीवर निखारा ठेवण्यासारखें होतें. परंतु ज्यास कोटच नाहीं त्याचें काय? ज्या पुरुषाचा पिंडच लुगड्याचा आहे, त्यानें त्या रांगेंत कोठें उभें राहावें? १९६९ च्या जूनअखेर न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल नांवाच्या पानगृहावर पोलिसांनीं छापा घातला, तेव्हां जे उलटून उभे राहिले त्यांत हे बिनकोटाचेच पुष्कळ होते. बेने इस्राएलांतील गोऱ्या-काळ्यांचा भेद आम्हीं वर सांगितला तो येथें पुन्हां भेटला. सामावून घेतले जाण्याच्या आशेनें जो उंबरठ्यावर उभा राहतो, तो आपल्या मागच्या गबाळ्या भावंडास लपवूं पाहतो. अभिमानयात्रेंत पोशाख कसा असावा, कोणीं किती नटावें, यावर आपल्याकडे झालेले वाद याच जातीचे.

आपल्याकडील नव्या चळवळीचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९९० मध्यें मुंबईस 'बॉम्बे दोस्त' हें नियतकालिक निघालें व १९९४ मध्यें हमसफर ट्रस्ट ही संस्था. एड्सच्या सांथीमुळें सरकारास या लोकांशीं बोलणें भाग पडलें. म्हणजे समाजाच्या घरांत त्यांचा प्रथम प्रवेश झाला तो दवाखान्याच्या दारानें. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ मध्यें प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें ३७७ वें कलम दूर केलें; २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें पुन्हां बसविलें. त्या वेळीं दिलेल्या कारणांत एक असें होतें कीं, हे लोक लोकसंख्येचा अगदीं अल्प अंश आहेत. जणूं हक्क हा पसाभर धान्य असून खाणारीं तोंडें मोजूनच तो शिजवावयाचा! २०१८ च्या ६ सप्टेंबरास पांच न्यायमूर्तींनीं एकमतानें ती चूक सुधारली. साहित्य मात्र कायद्याच्या पुढें होतें. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकानें १९८१ मध्यें स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगभूमीवर उभी केली, आणि २००६ मध्यें सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीनें हा विषय मध्यमवर्गीय मराठी घराच्या माजघरांत आणून बसविला.

येथवर दोन मार्ग पाहिले. तिसरा आहे काय? त्यासाठीं पुन्हां कुलाबा जिल्ह्यांतच, रोह्याच्या दक्षिणेस महाडला जावें लागेल.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ मध्यें मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनें पुढें त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचें ठरविलें. कागदावर औदार्याची कमतरता राहिली नाहीं; तळ्यावर मात्र कोणी अस्पृश्य फिरकूं शकला नाहीं. १९२७ च्या २० मार्चास डॉ. आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यांस तहान लागली होती म्हणून नव्हे. त्या वर्षाच्या डिसेंबरांत भाषण करतांना त्यांनीं आपल्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेशीं केली व हा लढा पाण्याचा नसून समतेचा आहे, असें स्पष्ट केलें. त्यांनीं महाडकरांस, आम्हांस खपवून घ्या, असें म्हटलें नाहीं. आम्ही तुमच्यासारखेच शुचिर्भूत आहों, तपासून पाहा, असेंहि या लढ्याचें मागणें नव्हतें. तळें सार्वजनिक आहे आणि आम्ही त्या सार्वजनिकांतले आहों, एवढेंच त्यांचें म्हणणें. दहा वर्षें दावा चालला आणि १९३७ च्या मार्चांत उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. येथें क्रियापदाचा कर्ता बदलला. खपवून घेणें व सामावून घेणें यांचा कर्ता दुसरा. हक्क बजावणें याचा कर्ता आपण स्वतः.

याच दोन तारखांच्या मधें एक लहान खटला झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तो मोठा आहे. महर्षि कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव हे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत. वाचक त्यांस शरीरासंबंधीं व कामजीवनासंबंधीं नाना प्रश्न विचारीत, आणि ते कसलाहि आडपडदा न ठेवतां उत्तरें देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयींच्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्यें त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यांत आला. त्यांचें वकीलपत्र घेतलें डॉ. आंबेडकरांनीं. वाचकास खरोखर अडचण आहे, तो विचारतो, आणि जाणत्यानें शास्त्राच्या आधारें त्यास उत्तर दिलें, तर त्यांत अश्लील काय, अशी त्यांची भूमिका होती. हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांचा दाखलाहि त्यांनीं पुढें केला. न्यायालयास तें पटलें नाहीं. रघुनाथरावांस २०० रुपये दंड झाला. ते दंड भरून पुन्हां मासिक काढूं लागले आणि १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत तें त्यांनीं सोडलें नाहीं.

या खटल्यावरून डॉ. आंबेडकरांनीं समलिंगी लोकांची चळवळ चालविली असें म्हणणें इतिहासाशीं प्रतारणा होईल. पण त्यांनीं कशाचें रक्षण केलें हें नीट पाहिलें पाहिजे. कोठेंतरी एक वाचक आपल्या देहासंबंधीं एक प्रश्न मनांत घेऊन वर्षानुवर्षें झुरत होता; त्या वाचकाचा विचारण्याचा व उत्तर मिळण्याचा हक्क त्यांनीं राखूं पाहिला. लॉर्ड ॲरन यांची अट होती दिसूं नका. समाजाची अट असते बोलूं नका. ती अट मोडण्याचा हक्क म्हणजेच हक्कांचा आरंभ. जो मनुष्य महाडच्या तळ्यावर गेला तोच या खटल्यांत उभा राहिला, यास आम्ही निव्वळ योगायोग समजत नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा, कीं हक्क कायद्यानें मिळतो. पण मनुष्य कायद्यांत राहत नाहीं, गांवांत राहतो. न्यायालयाचा निकाल रोह्याच्या ओटीवर वाचून दाखविल्यानें आईच्या डोळ्यांतील पाणी खळत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. महाडलाहि केवळ निकालानें भागलें नाहीं. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे यांसारखे सवर्ण शेजारी आपल्याच जातभाईंचा रोष पत्करून बाजूस उभे राहिले, म्हणून ती लढाई दुहीची न होतां न्यायाची झाली. शेजाऱ्याचें प्रेम नको, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रेम हक्काच्या पायावर उभें असावें, हक्क प्रेमाच्या मर्जीवर नसावा, एवढेंच आमचें म्हणणें. ज्यास आपली जागा जाणार नाहीं अशी खात्री असते, तोच शेजाऱ्यावर निर्भयपणें प्रेम करूं शकतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. समलिंगी जोडप्यांनीं विवाहाचा हक्क मागणें हें सामावून घेण्याचेंच दुसरें रूप नव्हे काय? बहुजनांची जुनी संस्था, तिच्या सर्व दोषांसह, आपण होऊन अंगावर ओढून घेणें नव्हे काय? या आक्षेपास उत्तर बेने इस्राएलांच्या कीर्तनांत आहे. अनुकरण दोन प्रकारचें असतें. एक प्रवेशकर म्हणून द्यावें लागतें. दुसरें आवडीनें उचललेलें असतें. विवाह केलात तरच तुम्ही सभ्य, असें कोणी म्हणेल तर तो कर आहे व तो नाकारणें योग्य. परंतु विवाह करण्याची इच्छा असून कायदा आड येत असेल, तर तो अडथळा आहे व तो दूर करणें योग्य. २०२३ च्या १७ ऑक्टोबरास सर्वोच्च न्यायालयानें विवाह हा मूलभूत हक्क नाहीं असें एकमतानें म्हटलें, आणि विवाहाखेरीज अन्य रीतीनें अशा जोडप्यांस मान्यता देण्याचा प्रश्न तीन विरुद्ध दोन मतांनीं फेटाळला. २०२४ मध्यें केंद्र सरकारनें, अशीं जोडपीं शिधापत्रिकेसाठीं एक कुटुंब धरावींत व त्यांस बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास हरकत नाहीं, असा खुलासा केला. शिधापत्रिका ही लहान वस्तु नव्हे. एका चुलीवर शिजणाऱ्या अन्नाचा तो सरकारी पुरावा आहे. तरी जें परिपत्रकानें येतें तें परिपत्रकानें जाऊं शकतें, हें मराठेशाहींतील सनदांचा शेवट ज्यास ठाऊक आहे त्यानें विसरूं नये.

हीच कसोटी पारलिंगी व्यक्तींसहि लागू आहे. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांस आपली ओळख आपणच ठरविण्याचा हक्क असल्याचें मान्य केलें; २०१९ च्या कायद्यानें मात्र त्या ओळखीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यावा अशी व्यवस्था केली. आपण कोण हें सांगावयाचें आपण, आणि शिक्का मारावयाचा दुसऱ्यानें! यरुशलेमांत पणजीचें कूळ विचारणारा हात आणि हा शिक्का मारणारा हात यांत जातीचा फरक नाहीं.

म्हणून सहिष्णुता चांगली कीं एकरूपता चांगली, या वादांत आम्ही कोणताहि एक पक्ष घेत नाहीं. दोन्ही मार्गांनीं कधीं कधीं खरें हित झालें आहे. शनवार तेल्यांस कोंकणांत सुखानें राहतां आलें ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रत्येक वेळीं विचारावयाचे प्रश्न दोन आहेत. ठरविणारा कोण? आणि दिलेलें परत घेतां येतें काय? ठरविणारा दुसरा असेल आणि परत घेतां येत असेल, तर त्यास सहिष्णुता म्हणा कीं एकरूपता म्हणा, तें दान आहे. दान घेण्यांत लाज नाहीं. दानास हक्क समजून निश्चिंत होण्यांत मात्र धोका आहे.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं पत्रानें कळविलें तें साधारण असें. वडिलांशीं भांडूं नकोस. त्यांनीं उघडलेलें दार अरुंद असलें तरी तें दार आहे, आणि तें उघडतांना त्यांसहि कांहीं सोसावें लागलें असेल. गणपतीस अवश्य जा, दोघेहि जा. परंतु 'मित्र' हा शब्द किती दिवस पुरवावयाचा, हें तूं ठरीव. तें ठरविण्याचें काम वडिलांवर टाकूं नकोस, आणि मुंबईच्या तुझ्या मंडळींवरहि टाकूं नकोस. पुढें लग्न करावेंसें वाटलें तर हक्क म्हणून माग. न वाटलें तर केवळ सभ्य दिसण्यासाठीं मागूं नकोस. आणि रांगेंत तुझ्या मागें जो बिनकोटाचा उभा आहे त्याचा हात सोडूं नकोस.

त्याचें उत्तर चार ओळींचें आलें. पेणहून मूर्ति आणावयास यंदा दोघे वडिलांबरोबर गेले होते. मूर्तिकारानें, हे कोण, असें विचारलें, तेव्हां वडील क्षणभर थांबले व "आमच्याकडचेच आहेत" एवढें म्हणाले. यास काय समजावें, असें त्यानें आम्हांस विचारिलें आहे. आम्हांस वाटतें, खपवून घेणें व सामावून घेणें या दोन्ही क्रियापदांच्या बाहेर पडण्याची ही एका वृद्ध मनुष्याची पहिली धडपड आहे. त्या वाक्यांत कोणी कोणास घेतलेलें नाहीं. जो आहे तो आहे, एवढेंच म्हटलें आहे. कायद्यास हें वाक्य केव्हां साधेल तें साधो. वाचकांनीं आपापल्या घरीं तें म्हणून पाहण्यास मात्र कोणाच्या निकालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.